रिंगमधला राग आणि घरातला राग

हाना किमुरा हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असण्याचे फारसे कारण नाही. ज्यांना ठाऊक असेल त्यांना ते बहुधा एका बातमीपुरते. जपानमधली ही तरुण व्यावसायिक कुस्तीगीर एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात दिसली, समाजमाध्यमांवर तिच्यावर आठवडेच्या आठवडे शिव्यांचा भडिमार झाला आणि २३ मे २०२० रोजी, वयाच्या २२व्या वर्षी तिने आपले जीवन संपवले.

मलाही ती याच बातमीतून कळली. टाळेबंदीचे दिवस होते. मी तिचे सामने शोधून पाहू लागलो आणि शेवटच्या सामन्यांपासून मागे मागे पाहत गेलो. ती माझी चूक होती. शेवट माहीत असलेल्या माणसाला प्रत्येक चेहऱ्यावर शेवटाची सावली दिसते. ती सावली चेहऱ्यावर नसते, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते. पुढे तेच सामने मी तारखेच्या क्रमाने पुन्हा पाहिले, तेव्हा निराळीच मुलगी समोर आली. दांडगी, खोडकर, गर्दीला चिडवून तिच्याकडून आरडाओरडा वसूल करणारी, आणि वर्षागणिक आपल्या कामात तरबेज होत जाणारी.

तिच्या मृत्यूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कामाविषयी त्या मानाने फार थोडे. या लेखात मला तिच्या चार वर्षांच्या कामाचा विचार करायचा आहे आणि त्याच्या आधारे एक मुद्दा मांडायचा आहे. राग दाखवणे ही हानाने शिकलेली कला होती. तो राग कुस्तीच्या रिंगमध्ये दाखवला तेव्हा लोकांनी दाद दिली. घरात दाखवला तेव्हा शिक्षा केली. दोन्ही रागांची घडण बरीचशी एकच होती. बदलली होती ती भोवतालची चौकट, आणि चौकट बदलल्याचे प्रेक्षकाला कोणी सांगितले नव्हते.

ठरलेला निकाल, खरे शरीर

आपल्याकडे जत्रेच्या फडात ‘नुरा कुस्ती’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. दोघांनी आधी संगनमत केले आणि लोकांना फसवले, असा त्याचा अर्थ. म्हणून व्यावसायिक कुस्तीचे निकाल आधी ठरलेले असतात हे कळले, की आपला माणूस ‘म्हणजे सगळे खोटेच’ असे म्हणून मोकळा होतो. पण नुरा कुस्तीत पाप असते ते लपवण्याचे. निकाल ठरलेला आहे हे पाहणाराही जाणून असेल, तर फसवणूक कोणाची झाली? तो खेळ मग आखाड्यापेक्षा रंगभूमीच्या जवळ जातो. फरक एवढाच, की इथला नट खरोखर पडतो. फळ्यांवर अंथरलेल्या पातळ गादीवर तो पाठीवर आदळतो, मान जपत आदळतो आणि समोरच्याचीही मान जपतो. निकाल ठरलेला असला तरी अंगाला बसणारा मार ठरवून खोटा करता येत नाही.

जपानमध्ये या खेळाला ‘पुरोरेसु’ म्हणतात. ‘प्रोफेशनल रेसलिंग’चेच ते जपानी जिभेवर आखूड झालेले रूप. तिथे त्याचा जन्म आणि दूरचित्रवाणीचा जन्म जवळजवळ एकाच वेळचा. १९ फेब्रुवारी १९५४ रोजी टोकियोत रिकिदोझान आणि मासाहिको किमुरा हे दोघे परदेशी शार्प बंधूंविरुद्ध उतरले, तेव्हा चौकांत लावलेल्या दूरचित्रवाणी संचांसमोर माणसांचे थवे उभे होते. युद्ध हरलेल्या देशाला धिप्पाड गोऱ्यांना लोळवणारा नायक मिळाला. हा राष्ट्रीय नायक मुळात कोरियात जन्मलेला होता आणि ते लोकांपासून लपवले गेले होते. म्हणजे भूमिका आणि माणूस यांतले अंतर या खेळात पहिल्या दिवसापासून आहे. त्या जगाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंतही येतो. दारासिंगशी झालेल्या झुंजींमुळे जुन्या मुंबईकरांना आठवणारा किंगकाँग १९५५ मध्ये रिकिदोझानच्या जपानी रिंगमध्येही उतरला होता. टायगर जोगिंदर सिंग या भारतीय मल्लासोबत त्याने तिथला आशियाई जोडी-किताब जिंकला.

या खेळात दोन मूळ भूमिका असतात. लोकांचा लाडका तो ‘बेबीफेस’. लोकांनी ज्याला शिव्या घालायच्या तो ‘हील’. जपानीत त्याला ‘आकुयाकु’, म्हणजे दुष्टाची भूमिका करणारा, असे म्हणतात. शब्दातच ‘भूमिका’ आहे हे लक्षात घ्यावे. हीलला मिळणारी शिवी ही त्याची दाद असते. निळू फुल्यांना गावोगावच्या बायका बोटे मोडत आणि ते त्यालाच आपल्या कामाची पावती समजत, हे ज्याला माहीत आहे त्याला हा व्यवहार वेगळा समजावून सांगायला नको. नट दुष्टपणा पुरवतो, लोक राग पुरवतात, दिवे लागले की दोघे आपापल्या घरी जातात.

रोलां बार्थने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकाची सुरुवातच कुस्तीवरच्या निबंधाने केली. प्रेक्षकाला लढत खरी की खोटी याच्याशी कर्तव्य नसते, त्याला यातना, पराभव आणि न्याय या गोष्टी ठसठशीत दिसायला हव्या असतात, असे त्याचे म्हणणे. निबंधाच्या शेवटाकडे त्याने एक छोटेसे दृश्य दिले आहे. रिंगमध्ये मघाशी देवासारखा किंवा राक्षसासारखा भासलेला मल्ल खेळ संपल्यावर हातात लहानशी पेटी घेऊन, बायकोबरोबर, कोणाच्या नजरेत न भरता बाहेर पडतो. बार्थसाठी हा तपशील जाता जाताचा आहे. मला मात्र सगळा करार त्या पेटीत आहे असे वाटते. पोशाख पेटीत गेला की भूमिका संपली. हानाच्या बाबतीत नेमकी ही पेटीच बंद झाली नाही.

खलनायिकेची परंपरा

जपानमध्ये स्त्रियांच्या व्यावसायिक कुस्तीला स्वतंत्र इतिहास आहे. १९६८ मध्ये ‘ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग’ ही संस्था सुरू झाली आणि तिचे सामने फुजी टीव्ही या वाहिनीवरून घराघरांत पोचले. सत्तरच्या दशकात ‘ब्युटी पेअर’ आणि ऐंशीच्या दशकात ‘क्रश गॅल्स’ या जोड्यांनी शाळकरी मुलींना वेड लावले. या जोड्या रिंगमध्ये गाणीही म्हणत. पुरुषांच्या कुस्तीला पुरुष प्रेक्षक, तशी ही मुलींची मुलींसाठी असलेली कुस्ती. संस्थेचे नियम मात्र कडक होते. दारू, सिगारेट आणि पुरुषांची संगत वर्ज्य. २५व्या वर्षी निवृत्ती घ्यायची, असाही दंडक होता.

त्या काळातली सर्वांत गाजलेली खलनायिका म्हणजे डंप मात्सुमोतो. रंगवलेला चेहरा, साखळ्या, हातात बांबूची तलवार. २८ ऑगस्ट १९८५ रोजी ओसाकात तिची झुंज क्रश गॅल्सच्या चिगुसा नागायोशी झाली. हरणारीने डोके भादरून घ्यायचे, अशी पैज होती. चिगुसा हरली, रिंगमध्येच तिचे केस उतरवले गेले आणि प्रेक्षागृहातल्या मुली धाय मोकलून रडल्या. हा सामना आजही पाहवत नाही. पाहवत नाही यातच त्याचे यश आहे. डंपशिवाय चिगुसा उभी राहिली नसती, आणि हे दोघींनाही ठाऊक होते.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तेव्हाही सगळे प्रेक्षक करार पाळत होते असे नाही. डंपवरचा राग प्रेक्षागृहाबाहेरही तिच्या वाट्याला आला. म्हणजे ‘पूर्वीचा प्रेक्षक शहाणा आणि आताचा अडाणी’ अशी सोपी मांडणी करता येणार नाही. तरी एक फरक उरतो. डंपच्या चेहऱ्यावर रंग होता, हातात तलवार होती, भोवती दोर होते. ‘ही भूमिका आहे’ असे सांगणाऱ्या खुणा मुद्दाम मोठ्या केलेल्या होत्या. ज्याला समजून घ्यायचे होते त्याला समजण्याची सोय होती.

डंपचा दुष्टपणा ज्या वाहिनीने घराघरांत नेला, त्याच फुजी टीव्हीने पुढे ‘टेरेस हाऊस’ हा कार्यक्रम केला. त्याकडे येण्याआधी हानाची चार वर्षे पाहू.

चार वर्षे

हानाचा जन्म ३ सप्टेंबर १९९७ चा, योकोहामातला. आई क्योको किमुरा स्वतः नामवंत कुस्तीगीर. भल्याथोरल्या कुरळ्या केसांची, आणि बहुतेक काळ हीलच्याच गटांत वावरलेली. वडील इंडोनेशियाचे. म्हणजे हाना आईच्या व्यवसायात जन्मली होती आणि जपानी समाजात थोडी वेगळी दिसणारी मुलगी म्हणून वाढली होती. या दोन्ही गोष्टी तिच्या कामात उतरल्या आहेत.

केइजी मुतो या ज्येष्ठ कुस्तीगीराच्या ‘रेसल-वन’ या संस्थेच्या प्रशिक्षणशाळेत ती शिकली आणि मार्च २०१६ मध्ये रिंगमध्ये उतरली. वर्ष संपायच्या आत तिने जेडब्ल्यूपी या संस्थेचा नवोदितांसाठीचा किताब घेतला आणि ‘स्टारडम’ या स्त्रियांच्या संस्थेत, आई व कागेत्सु यांच्या सोबत, तिघींच्या संघाचा किताबही मिळवला. आईबरोबर ती ‘ओएदो-ताई’ या हील गटात होती. जानेवारी २०१७ मध्ये आई निवृत्त झाली आणि त्याच वर्षी हानाने कागेत्सुसोबत जोडीचा किताब जिंकला.

या पहिल्या टप्प्यातल्या हानाचे कसब अजून कच्चे दिसते. डाव आणि डाव यांच्या मधली जागा तिला भरता येत नाही. एक डाव झाला की पुढचा आठवल्यासारखी ती क्षणभर थांबते. मात्र एक गोष्ट तिला सुरुवातीपासून येत होती. तिला चेहरा वापरता येत होता. प्रतिस्पर्धी खाली पडली असताना हील काय करते, यावर हीलची पारख होते. साधारण नवखी मुलगी पुढचा घाव घालायला धावते. हाना थांबून गर्दीकडे पाहते. ओठ मुडपते, हसते, ‘आता काय कराल?’ असे न बोलता विचारते. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळेल एवढा मोठा तो अभिनय असतो. रिंगमध्ये सूक्ष्म काही चालत नाही. तिथे कपाळावरची आठीसुद्धा लांबून दिसावी लागते.

२०१८ मध्ये ती ओएदो-ताईतून बाहेर पडली आणि आपला गट बांधू लागली. मार्च २०१९ मध्ये रेसल-वन सोडून ती पूर्णपणे स्टारडमकडे आली आणि एप्रिलमध्ये ‘टोकियो सायबर स्क्वॉड’ या गटाची म्होरकी झाली. जंगल क्योना आणि कोनामी या तिच्या सोबतिणी. मे महिन्यात या तिघींनी संघाचा किताब घेतला. जपानी आणि परदेशी अशा सगळ्यांना सामावून घेणाऱ्या या गटाचे ब्रीद होते, की प्रत्येक जण वेगळा आहे आणि प्रत्येक जण खास आहे. एरवी असे ब्रीदवाक्य टी-शर्टवर छापण्यापुरतेच असते. पण ते उच्चारणारी मुलगी लहानपणापासून ‘वेगळी’ म्हणून पाहिली गेलेली असेल, तर त्या वाक्याला वजन येते. गुलाबी केस, भडक निऑन रंग, आणि ‘हाना’ म्हणजे फूल म्हणून फुलांच्या नावांचे डाव. भूमिकेतच तिने आपली ओळख ओवली होती.

याच वर्षी ती पूर्ण हील राहिली नाही आणि पूर्ण लाडकीही झाली नाही. चांगल्या कुस्तीगीराच्या आयुष्यात हा टप्पा सर्वांत कठीण असतो. लोकांनी आपल्यावर रागवावे हे तिला शिकवलेले होते. आता लोकांनी आपल्याला जिंकवावे असे तिला त्यांच्याकडून मागायचे होते. २२ सप्टेंबर २०१९ रोजी, स्टारडमच्या ‘फाइव्ह स्टार ग्रां प्री’ या मानाच्या साखळी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिच्यासमोर कोनामी होती, तिच्याच गटातली मैत्रीण. त्या सामन्यात खलनायिका कोणीच नाही. राग उसना आणता येत नाही, गर्दीला चिडवून वेळ काढता येत नाही. कोनामीचे बळ हातापायांच्या पकडींत. हानाला तिच्या भाषेत उत्तर द्यावे लागते, आणि ती देते. डावांमधली ती जुनी रिकामी जागा इथे उरलेली नाही. ती जिंकली. स्टारडमचा एकेरी किताब तिच्या हाती कधी आला नाही, पण माझ्या मते तिची खरी पदवी हाच सामना. कारकिर्दीचे मोजमाप करायचेच असेल तर या संध्याकाळपासून करावे.

४ जानेवारी २०२० रोजी न्यू जपान प्रो-रेसलिंगच्या वार्षिक महोत्सवात, टोकियो डोममध्ये, मुख्य कार्यक्रमाआधी स्टारडमच्या चौघींचा सामना झाला. हाना आणि जुलिया एका बाजूला, मायु इवातानी आणि अरिसा होशिकी दुसऱ्या बाजूला. या संस्थेच्या डोममधल्या कार्यक्रमात स्त्रियांचा सामना होण्याची अशी वेळ बऱ्याच वर्षांनी आली होती. हाना आणि जुलिया एकमेकींच्या कट्टर वैरी म्हणून उभ्या केलेल्या, जोडीत असूनही भांडणाऱ्या. त्या हरल्या. पण या व्यवसायातल्या माणसाला विचारले तर तो म्हणेल, डोममध्ये उतरायला मिळणे हाच विजय. त्या दिवशीचा पोशाख हानासाठी साधा कपडा राहिला नव्हता.

‘संहिता नसलेले’ घर

‘टेरेस हाऊस’ २०१२ मध्ये फुजी टीव्हीवर सुरू झाले आणि पुढे नेटफ्लिक्समुळे जगभर गेले. तीन तरुण, तीन तरुणी, एक सुंदर घर, एक मोटार. कार्यक्रमाच्या सुरुवातीला दर वेळी सांगितले जाई, की आम्ही फक्त घर आणि गाडी दिली आहे, संहिता अजिबात नाही. घरातल्या घडामोडी एका दालनात बसून पाहणारे विनोदवीर आणि कलावंत त्यावर शेरे मारत. हा कार्यक्रम शांत, सभ्य, जपानी संयमाचा नमुना म्हणून परदेशात वाखाणला गेला. २०१९ च्या शरदात हाना त्या घरात राहायला आली.

टीकाकार म्हणून मला इथे थांबावेसे वाटते. ‘संहिता नाही’ हे विधान शब्दशः खरे धरले तरी संकलन असते, पार्श्वसंगीत असते, कोणते दृश्य ठेवायचे आणि कोणते कापायचे हे ठरवणारा असतो. शिवाय शेरे मारणारे मंडळ असते. प्रेक्षकाने कोणाविषयी काय मत करायचे, याची ओळ ते घालून देते. ही सगळी रंगभूमीचीच सामग्री. कुस्ती आपल्या रंगभूमीला रंगभूमी म्हणवून घ्यायला तयार असते. हा कार्यक्रम तिला ‘जगणे’ म्हणवून घेत होता. फसवणूक या शब्दाचा नुरा कुस्तीच्या अर्थाने उपयोग करायचा, तर तो कोणत्या खेळाला लागू पडतो हे वाचकाने ठरवावे.

आता तो प्रसंग. टोकियो डोमचा तो पोशाख हानाने धुण्यासाठी यंत्रात घातला आणि तो त्यातच राहिला. घरातल्या एका तरुणाने न पाहता आपले कपडे त्यात टाकून यंत्र चालवले, मग सगळे वाळवण्याच्या यंत्रातून काढले. पोशाख आटून गेला. हाना त्याच्यावर ओरडली आणि तिने त्याच्या डोक्यावरची टोपी उडवली.

हा प्रसंग मी अनेकदा पाहिला. डोक्यावरची टोपी उडवणे ही रिंगमधली ओळखीची खूण आहे. दुखापत न करता अपमान करायचा, लांबून दिसेल असा करायचा. आवाज चढवण्याची पद्धत, पुढे झुकण्याची पद्धत, मधले थांबे, हे सगळे चार वर्षांत तिच्या अंगात मुरलेले. तिचे दुःख खोटे होते असे मी म्हणत नाही. दुःख खरेच होते, आणि खऱ्या दुःखाला तिच्याजवळ जी भाषा होती त्या भाषेत ती बोलली. पण ही भाषा प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेसाठी बनलेली. इथे कॅमेरा हातभर अंतरावर. रिंगमध्ये जो राग नेमका वाटला असता, तो खोलीत क्रूर दिसला. समोरचा तरुण प्रतिस्पर्धी नव्हता, त्याला पडता येत नव्हते, उलट डाव टाकता येत नव्हता. आणि ‘ही भूमिका आहे’ असे सांगणारे दोर कुठेच नव्हते.

हानाला तसे वागायला सुचवले गेले होते, असा तिच्या आईचा आरोप आहे. वाहिनीने जबरदस्ती झाल्याचे नाकारले. माझा मुद्दा त्या वादाच्या निकालावर अवलंबून नाही. कोणी काहीही सुचवले नसेल, तरी व्यवसायाने हील असलेल्या मुलीला घरात आणणारा निर्माता काय मिळेल याची कल्पना नसताना तिला आणत नाही. तिला आमंत्रण मिळाले ते ती कुस्तीगीर होती म्हणून. आणि दोष आला तो तिच्या स्वभावावर.

बंद पडलेले प्रेक्षागृह

तारखांचा क्रम इथे महत्त्वाचा आहे. हा भाग नेटफ्लिक्सवर ३१ मार्च २०२० रोजी आला. त्याआधीच साथ पसरली होती. ८ मार्चला स्टारडमने कोराकुएन हॉलमध्ये प्रेक्षकांविना सामने घेऊन ते फुकट दाखवले होते. ७ एप्रिलला टोकियोत आणीबाणी जाहीर झाली आणि प्रेक्षागृहे बंद पडली.

एरवी काय झाले असते? पुढच्या रविवारी हाना रिंगमध्ये आली असती, गर्दीने तिला हुर्यो केले असते, तिने जीभ काढून दाखवली असती आणि तो राग पुन्हा खेळात जमा झाला असता. हीलकडे शिवी परत करण्याची जागा असते. त्या एप्रिलमध्ये ती जागाच नव्हती. शिव्या येत होत्या, पण हातातल्या फोनवर, एकेकट्या, रात्री-बेरात्री, ज्यांचे चेहरे दिसत नाहीत अशांच्या. गर्दीचा राग गर्दीत वाटला जातो. फोनवरचा राग एकट्याने एकटीला दिलेला असतो.

१४ मे रोजी त्या प्रसंगाशी निगडित, आधी न दाखवलेली दृश्ये यूट्यूबवर टाकण्यात आली. १८ मेच्या मध्यरात्रीनंतर तोच भाग फुजी टीव्हीवर दाखवला गेला. मार्चच्या अखेरीस तो पहिल्यांदा आला तेव्हा हानाची मनःस्थिती गंभीररीत्या बिघडली होती आणि निर्मिती करणाऱ्यांना ते कळले होते. तरीही प्रसारण झाले. २३ मे रोजी ती गेली. २७ मे रोजी कार्यक्रम बंद करण्यात आला.

नऊ हजार येन

यानंतर समाजाने दोष कसा वाटला हे पाहण्यासारखे आहे. ओसाकातल्या एका तरुणाला तिचा अवमान केल्याबद्दल २०२१ मध्ये ९,००० येनांचा दंड झाला. तेव्हाच्या कायद्यात अवमानाला तीस दिवसांहून कमी कैद किंवा १०,००० येनांहून कमी दंड एवढीच शिक्षा होती. म्हणजे न्यायालयाने जवळजवळ कमाल दंड केला आणि तो इतका किरकोळ होता. क्योको किमुरा यांनी मुलीच्या नावाने संस्था काढली आणि कायदा बदलावा यासाठी सतत आवाज उठवला. १३ जून २०२२ रोजी जपानी संसदेने दंडसंहितेत दुरुस्ती केली. अवमानाला एक वर्षापर्यंत कारावास किंवा तीन लाख येनांपर्यंत दंड अशी तरतूद ७ जुलैपासून लागू झाली. या कायद्याने टीकेचे स्वातंत्र्य आखडेल, अशी भीती वकिलांनी व्यक्त केली, म्हणून तीन वर्षांनी त्याच्या परिणामांचा आढावा घेण्याचे कलमही त्यात घातले गेले.

कार्यक्रमाविषयी प्रसारणनीतीवर देखरेख करणाऱ्या बीपीओ या संस्थेने ३० मार्च २०२१ रोजी निर्णय दिला. मानवी हक्कांचा भंग झाला असे म्हणता येत नाही, पण तिच्या मनःस्थितीची पुरेशी काळजी न घेता प्रसारण झाले आणि ते प्रसारणनीतीला धरून नव्हते, असा त्याचा आशय.

कायदा आवश्यक होता, याविषयी मला शंका नाही. पण त्याचा रोख शिवी देणाऱ्याकडे आहे. प्रेक्षकाच्या हातात दगड देऊन ‘हे खरे आहे हं’ असे सांगणारी चौकट त्याच्या कक्षेबाहेर राहते. तिची झडती घेणे हे टीकेचे काम आहे. दूरचित्रवाणीवरील ‘वास्तव’ कार्यक्रमांना आपण कलाकृती मानत नाही, म्हणून त्यांची समीक्षा करत नाही. परिणामी तिथल्या भूमिकांना आपण माणसे समजतो आणि माणसांना शिक्षा करतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, हाना सज्ञान होती, आपणहून त्या घरात गेली. खरे आहे. पण संमती ज्या गोष्टीला दिली ती गोष्ट काय होती? रिंगमध्ये पाठीवर पडायला ती तयार होती, कारण समोरची आपली मान जपेल हे तिला माहीत होते. घरात तिची मान जपण्याची जबाबदारी कोणाची, हे करारात धूसर होते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. कुस्तीचा धंदाही खऱ्याखोट्याची सरमिसळ करूनच चालतो, तिच्या दूरचित्रवाणीवरच्या प्रसिद्धीचा फायदा कुस्तीलाही झालाच असता. हेही खरे. कुस्तीच्या जगाला मी निर्दोष ठरवत नाही. पण त्या जगात निदान एक जुना शहाणपणा आहे. जिच्यावर राग काढायचा तिच्याभोवती दोर बांधायचे आणि वेळ संपली की घंटा वाजवायची.

२३ मे २०२१ रोजी, पहिल्या स्मृतिदिनी, क्योको किमुरा यांनी कोराकुएन हॉलमध्ये मुलीच्या आठवणीसाठी कुस्तीचे सामने भरवले. नाव ठेवले ‘मातानेऽ’, म्हणजे ‘पुन्हा भेटू’. शोकसभा भरवता आली असती. त्यांनी रिंग उभारली, आणि मला ते त्यांच्या मुलीच्या कामाचे सर्वांत अचूक वाचन वाटते. हानाला लोकांपुढे पुन्हा उभे करायचे तर ते तिथेच, जिथे आरडाओरड्यालाही दाद म्हणतात.

तिची ओळख करून घ्यायची असेल तर सुरुवात धुण्याच्या यंत्रापासून करू नये. २२ सप्टेंबर २०१९ चा कोनामीबरोबरचा सामना पाहावा. दोन मैत्रिणी आहेत, निकाल ठरलेला आहे, आणि दोघी एकमेकींची मान जपत एकमेकींना हरवायचा प्रयत्न करत आहेत.